तेल: लिटर किती, किलो किती?

मुंबईत नव्याने बिऱ्हाड थाटलं की किराण्याच्या पहिल्याच यादीत ‘तेल १ किलो’ असं लिहिलं जातं आणि दुकानदार एक लिटरची पिशवी हातात देतो. दोघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. पिशवीवर ‘१ लिटर’ आणि त्याच्या शेजारीच बारीक अक्षरात ‘९१० ग्रॅम’ छापलेलं असतं, पण संध्याकाळी ऑफिसातून परतताना दुकानात उभं राहून ते वाचणार कोण? रोजच्या भाजी-आमटीला या फरकाने काही बिघडतही नाही. बिघडतं ते पाककृतीत ग्रॅम लिहिलेले असतात आणि हातात वाटी असते तेव्हा, डबा किलोत असतो आणि भाव लिटरचा सांगितला जातो तेव्हा, किंवा घरून फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागल्यावर किलोभर चकलीला तेल किती गेलं याचा हिशेब जुळत नाही तेव्हा.

नवीन घर मांडणाऱ्यांनी आणि घरगुती खाद्यपदार्थांचा धंदा सुरू करणाऱ्यांनी हे एकदा नीट समजून घ्यावं. माझा स्वतःचा नियम आधीच सांगते: तेल विकत घेताना, भाव ताडून पाहताना आणि वहीत लिहिताना ग्रॅम-किलो, मिली फक्त ओतण्यापुरते. का, ते पुढे येईलच.

लक्षात ठेवायचा एकच आकडा

पाण्याचा एक मिली म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणूनच आमटीवर तवंग येतो. किती हलकं? आपल्या स्वयंपाकघरातल्या तापमानाला एक मिली तेल साधारण ०.९१ ग्रॅम भरतं. म्हणून:

मिलीचे ग्रॅम करायचे तर ०.९१ ने गुणा.
ग्रॅमचे मिली करायचे तर ०.९१ ने भागा, किंवा सरळ १.१ ने गुणा.

गुणायचं की भागायचं इथेच बहुतेकांची गफलत होते. त्यावर एक सोपी खूण आहे: तेलाच्या बाबतीत ग्रॅमचा आकडा मिलीच्या आकड्यापेक्षा नेहमी लहान यायला हवा. ५०० मिलीचे ५५० ग्रॅम आले तर उलटं केलंत, परत करा.

तोंडी हिशेब मी असा करते. ग्रॅमचे मिली हवेत तर दहावा भाग वाढवायचा: २५० ग्रॅमचे २७५ मिली, ५०० ग्रॅमचे ५५०. मिलीचे ग्रॅम हवेत तर दहावा भाग कमी करायचा आणि किंचित परत द्यायचा: ५०० मधून ५० गेले ४५०, वर पाच, झाले ४५५. घरच्या कामाला ‘किंचित परत’ विसरलात तरी चालतं, धंद्याच्या हिशेबाला विसरू नका.

फ्रीजवर चिकटवून ठेवण्याइतके आकडे एवढेच:

५ मिलीचा छोटा चमचा: साडेचार ग्रॅम
१५ मिलीचा मोठा चमचा: साडेतेरा ग्रॅमच्या किंचित वर
१०० मिली: ९१ ग्रॅम
२५० मिली: २२८ ग्रॅम
१ लिटर: ९१० ग्रॅम
५ लिटरचा कॅन: ४ किलो ५५० ग्रॅम
१ किलो: १ लिटर १०० मिली
१५ किलोचा डबा: जवळपास साडेसोळा लिटर

शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी, तीळ, खोबरेल या प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा असतो हे खरं. मोहरी आणि शेंगदाणा ०.९१ च्या आसपास, सोयाबीन त्याहून जरासं जड. पण हा फरक शेकड्याला एखादा, इतकाच. आपला घरगुती काटा आणि आपला हात मिळून त्याहून मोठी चूक करतात, तेव्हा प्रत्येक तेलाचा वेगळा आकडा पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. पातळ केलेलं साजूक तूपही याच आकड्यात बसतं. मध आणि दूध मात्र बसत नाहीत. ती दोन्ही पाण्यापेक्षा जड, त्यांना हा आकडा लावला की सगळंच उलटं होईल.

ऊन-थंडीने काय होतं

तेल तापलं की फुगतं. वजन तेवढंच राहतं, जागा जास्त व्यापतं. म्हणून ‘एक लिटर तेलाचं वजन किती’ या प्रश्नाचं खरं उत्तर ‘किती तापमानाला’ असं आहे. ही नुसती पुस्तकी बाब नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत काही पिशव्यांवर ‘१ लिटर’ च्या शेजारी तापमानही छापलेलं असायचं, आणि काही कंपन्या ते थेट ६० अंश सेल्सिअस लिहायच्या. ६० अंशांना फुगलेलं लिटरभर तेल म्हणजे वजनाने कमी तेल. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने यावर बोट ठेवलं आणि खाद्यतेल भरणाऱ्यांना सांगितलं की तापमान न लिहिता मिली-लिटरमधलं माप द्या, सोबत वजनही द्या. सुधारणेला १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. विभागाने तेव्हा सोयाबीन तेलाचं उदाहरण दिलं होतं: २१ अंशांना एक लिटर ९१९.१ ग्रॅम भरतं, ६० अंशांना तेच लिटर ८९२.६ ग्रॅम. म्हणजे एका लिटरमागे साडेसव्वीस ग्रॅमचा फरक, तोही तेलात काहीही न मिसळता.

याच दोन आकड्यांवरून काढलं तर दर अंशामागे लिटरचं वजन पाऊण ग्रॅमपेक्षा थोडं कमी घटतं. मुंबईत घरातलं तापमान बहुतेक वर्षभर तिशीच्या अल्याड-पल्याड, म्हणून सोयाबीनचं लिटर आपल्याकडे ९१३ च्या आसपास भरेल. ९१० धरलं तर काहीच बिघडत नाही. जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी मिळूनही आपल्या घरात दहा-पंधरा ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडायचा नाही.

खोबरेलाची गोष्ट वेगळी. ते २४-२५ अंशांखाली गोठतं, आणि मुंबईची थंडी कितीही नावापुरती असली तरी जानेवारीत सकाळी बाटलीत तेवढं गोठलेलं तेल दिसतंच. गोठलेलं खोबरेल चमच्याने मोजू नका. खरवडलेल्या चमच्यात मध्ये पोकळी राहते आणि वर शीग येते, दोन्ही चुका एकदम. बाटली कोमट पाण्यात उभी करा, पातळ होऊ द्या, मग मोजा. नाहीतर गोठलेलंच काट्यावर ठेवा, वजनाला पातळ-घट्ट काही कळत नाही.

पहिलं काम: आपल्या भांड्यांची मापं काढा

बाजारात मिळणारा एक घरगुती डिजिटल वजनकाटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोपर्यंत पेलणारा. एवढं पुरे. त्यावर ‘टेअर’ किंवा ‘झिरो’ असं बटण असतं. भांडं ठेवायचं, बटण दाबायचं, आकडा शून्यावर आला की तेल ओतायचं. रिकाम्या भांड्याचं वजन आपोआप वजा होतं.

या काट्यांमध्ये एक फसवी सोय असते. एकक बदलायच्या बटणाने ग्रॅमचे ‘मिली’ होतात. पण हा काटा मिली मोजत नाही, वजनच मोजतो आणि आत पाणी आहे असं धरून तोच आकडा मिली म्हणून दाखवतो. काहींत दुधाचीही सोय असते. लिटरभर तेल ओतलंत की तो ९१० मिली दाखवेल, आणि तुम्ही विनाकारण दुकानदाराशी भांडायला जाल. तेलासाठी काटा कायम ग्रॅमवरच ठेवा.

आता वाटी. सगळ्या मराठी पाककृती वाटीत लिहिलेल्या, आणि वाटी कुणाची? स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात शंभर मिलीपासून दोनशेपर्यंत सगळ्या ‘वाट्या’च असतात. तुमची नेहमीची वाटी काट्यावर ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. काट्यावर जितके ग्रॅम, तितके मिली तुमची वाटी. समजा १६० आले. मग तेलाने भरली तर १६० गुणिले ०.९१, म्हणजे १४६ ग्रॅम. वाटीच्या बुडाला पक्क्या शाईने १६० लिहून ठेवा, आणि स्वयंपाकाला तीच वाटी वापरा. नव्या घरात हे दहा मिनिटांचं काम आहे, पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडतं.

पळीचं माप पाण्याने काढू नका, तेलानेच काढा. कारण पळीच्या बुडाला तेल चिकटून राहतं, आणि आपण फोडणीला पळी ‘भरून’ घेतो म्हणजे नक्की किती घेतो हे ज्याच्या त्याच्या हातावर असतं. काट्यावर कोरडं पातेलं ठेवा, शून्य करा, आणि रोज घेता तशाच, मुद्दाम काळजी न घेता, दहा पळ्या तेल त्यात घाला. १८० ग्रॅम आले तर तुमची पळी १८ ग्रॅमची, म्हणजे जवळपास २० मिली. एकच पळी मोजलीत तर चूक मोठी येईल. दहाची सरासरी भरवशाची. ते तेल वाया जात नाही, नरसाळ्याने परत बुधलीत ओता.

मोजायचा जग घेतलात तर त्यावरच्या मिलीच्या रेघाच पाहा. बाजूला ‘साखर’, ‘मैदा’ अशा नावांखाली ग्रॅमच्या रेघा असतात, त्या तेलासाठी नाहीत. जग ओट्यावर सपाट ठेवा आणि डोळे रेघेच्या पातळीवर आणा. वरून वाकून पाहिलं की आकडा हमखास चुकतो. जग आतून कोरडा ठणठणीत हवा, पाण्याचा थेंब कढईत गेला तर तेल अंगावर उडतं.

आणि बिसलेरीच्या लिटरच्या बाटलीने तेल मोजायची सवय असेल तर सांगून ठेवते, बाटली गळ्यापर्यंत भरली की ती लिटरपेक्षा जास्तच असते.

दुकानात उभं राहून

आता पैशांचं. खाद्यतेलाला ठराविक मापांतच पिशवी भरायचं बंधन २०२२ मध्ये काढलं गेलं. त्यामुळे ९१० ग्रॅमच्या शेजारी ८५० आणि ८०० ग्रॅमच्याही पिशव्या फळीवर दिसतात, आकार डोळ्यांना जवळजवळ सारखाच. समजा एक पिशवी १ लिटरची, ९१० ग्रॅम, १५५ रुपयांना. दुसरी ८५० ग्रॅमची, १४८ रुपयांना. दुसरी सात रुपयांनी स्वस्त वाटते. किलोचा भाव काढा: पहिली १५५ भागिले ०.९१, म्हणजे १७० रुपये. दुसरी १४८ भागिले ०.८५, म्हणजे १७४. स्वस्त पिशवी किलोमागे जवळपास चार रुपयांनी महाग.

यासाठी पिशवीवर दर एककाची किंमतही छापावी लागते. पण किलोपेक्षा कमी मालाला ती प्रति ग्रॅम छापतात, दोन दशांश स्थळांपर्यंत. वरच्या दोन्ही पिशव्यांवर ती प्रति ग्रॅम छापली तर ०.१७ रुपये अशीच येईल! चार रुपयांचा फरक त्या दोन दशांशांत गडप होतो. शिवाय एका पिशवीवर प्रति मिली आणि दुसरीवर प्रति ग्रॅम असेल तर त्यांची तुलनाच होत नाही, मिलीचा दर नेहमीच कमी दिसणार. तेव्हा मोबाईल काढा, किंमत भागिले ग्रॅम गुणिले हजार. दहा सेकंद लागतात.

मोठी खरेदी करणाऱ्यांनी डब्याकडे जास्त लक्ष द्यावं. मशीद बंदरला किंवा वाशीच्या घाऊक बाजारात तेलाचे पत्र्याचे डबे मिळतात, आणि ‘पंधराचा डबा’ म्हटलं की तो १५ किलोचा आहे की १५ लिटरचा हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन्ही असतात, आणि बाहेरून भावंडं शोभतात. १५ लिटरच्या डब्यात तेल १३ किलो ६५० ग्रॅम. १५ किलोच्या डब्यात १५ किलो. फरक एक किलो ३५० ग्रॅमचा, म्हणजे दीड पिशवी. समजा १५ किलोचा डबा २,४७५ रुपयांना आहे आणि १५ लिटरचा २,३१० ला. पाहताना दुसरा १६५ रुपयांनी स्वस्त. पण पहिल्याचा भाव किलोला १६५, दुसऱ्याचा २,३१० भागिले १३.६५, म्हणजे १६९. डब्यावर ‘नेट’ शब्दापुढे जे वजन छापलंय तेच खरं तेल. काट्यावर अख्खा डबा ठेवून १५ किलो भरला म्हणून समाधान मानू नका, त्यात पत्र्याचंही वजन आहे. लोकलच्या लगेज डब्यातून घरी आणायचा असेल तर हे सगळं दुकानातच तपासा, बदलून घ्यायला परत कुणी जात नाही.

लाकडी घाण्याच्या तेलाचं प्रकरण नाजूक असतं. भाव किलोचा सांगितला जातो, हातात येते लिटरची बाटली. ३६० रुपये किलोचं शेंगदाणा तेल असेल तर भरलेल्या लिटरच्या बाटलीत जवळपास ३२८ रुपयांचं तेल आहे. बहुतेक ठिकाणी हे लबाडीने होत नाही, किलो आणि लिटर एकच धरायची सवय दोघांनाही असते. ‘काका, हा भाव किलोचा की बाटलीचा?’ एवढं विचारलं की काटा पुढे येतो. आणि सील नसलेलं, पिंपातून ओतून दिलेलं सुटं तेल घेऊच नका. अन्नसुरक्षेचे नियम खाद्यतेल पॅकबंदच विकायला सांगतात, आणि सुट्या तेलात भेसळ झाली तर जाब विचारायला लेबलही नसतं.

घरात महिन्याला किती तेल आणायचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. मापाने ते ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. चार माणसांना दिवसाला १०८ ग्रॅम, महिन्याला सव्वातीन किलो, लिटरात साडेतीनच्या आसपास. तुमच्या घरी चौघांना पाच पिशव्या लागत असतील तर उत्तर कढईत आहे, मापात नाही. कॅलरी मोजणाऱ्या ॲपमध्येही ‘१५’ टाकताना एकक पाहा: तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, तेव्हा १५ मिलीच्या १२३ होतात आणि १५ ग्रॅमच्या १३५.

पाककृतीत कुठे जपायचं, कुठे सोडायचं

फोडणीला मोजू नका. दहा ग्रॅम इकडेतिकडे झालं तर आमटीला पत्ता लागत नाही.

मोहनाला मोजा. चकलीच्या भाजणीला मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी झालं की दाताला टणक लागते, आणि या दोहोंमधली जागा फार अरुंद असते. वाटीभर भाजणीला मोठा चमचाभर तेल हे घरोघरचं प्रमाण. पण ऑर्डरीसाठी दोन किलो भाजणी भिजवायची तर चमचे मोजत बसू नका. आधी तुमच्या वाटीत भाजणी किती ग्रॅम मावते ते पाहा. १२० ग्रॅम मावत असेल तर १२० ला १३.६ ग्रॅम तेल, म्हणून दोन किलोला २२७ ग्रॅम. ते पातेल्यात वजनावर घ्या आणि कडकडीत करून घाला. इथे वजनाचा आणखी एक फायदा: तापवल्यावर तेल फुगतं, म्हणून मोहन कधीही गरम झाल्यावर मापाने घेऊ नका. थंड असताना मोजायचं, मग तापवायचं.

लोणच्याला उलटं. किलोभर कैरीला पाव किलो तेल असं लिहिलेलं असतं आणि आपण २५० मिली ओततो, म्हणजे प्रत्यक्षात २२८ ग्रॅम. पाव किलोला २७५ मिली हवं. पण खरं सांगायचं तर लोणच्यात आकड्यापेक्षा डोळा मोठा. बरणीत फोडींच्या वर बोटभर तेल उभं राहायला हवं. नसेल तर आणखी तापवून, गार करून घालावं लागतं, मग वहीत काहीही लिहिलेलं असो. मुंबईच्या पावसाळी हवेत वर उघड्या पडलेल्या फोडीला बुरशी यायला वेळ लागत नाही.

केकच्या परदेशी पाककृतीत ‘एक कप तेल’ असेल तर तो कप कुठला ते पाहा. अमेरिकी कप २४० मिली धरतात, आपल्याकडे विकले जाणारे कपांचे सेट बहुधा २५० मिलीचे. तेलात हा फरक नऊ ग्रॅमचा, केकला चालून जातो. लोण्याऐवजी तेल घालत असाल तर मात्र सरळ बदली करू नका. लोण्यात शंभरात साधारण ८० भागच स्निग्धांश, उरलेलं बहुतेक पाणी. १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तेल, म्हणजे ८८ मिली.

आजीच्या वहीत शेर-पावशेर असेल तर थोडं थांबून विचार करा. ८० तोळ्यांचा सरकारी शेर आजच्या ९३३ ग्रॅमचा, पावशेर २३३ चा, छटाक ५८ चा. पण शेर सगळीकडे एकच नव्हता, गावागणिक आणि मालागणिक बदलायचा. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने आली आणि बाजारातला ‘पावशेर’ २५० ग्रॅमचा झाला. वही १९६० च्या आधीची असेल तर २३३ धरून पहिला घाणा काढा, नंतरची असेल तर २५०.

तळणाचा हिशेब

कढईत तेल अर्ध्यापर्यंतच असावं असं सगळे सांगतात, कारण कुणी सांगत नाही. तळण्याच्या १८० अंशांना तेल थंड असतानापेक्षा दहा-बारा टक्के जास्त जागा घेतं. लिटरभर ओतलंत तर तापल्यावर ते अकराशे मिलीच्या आसपास होतं. त्यात करंज्या सोडल्या की पातळी आणखी वर, आणि फेस त्याच्यावर. काठापर्यंत भरलेली कढई उतू जाते ती अशी, आणि खाली गॅसची ज्योत असते.

धंदा करणाऱ्यांना खरी गरज असते ती किलोमागे तेल किती मुरलं हे कळायची. त्याला मिली पूर्णपणे निरुपयोगी, कारण तळून झालेलं तेल कोमट असतं, फुगलेलं असतं, आणि कढईत रेघा नसतात. वजन करा. तळायला बसण्याआधी तेल घातलेली थंड कढई काट्यावर ठेवून आकडा लिहा. तळण संपलं की तेल पूर्ण गार होऊ द्या, शक्यतो सकाळपर्यंत. गरम कढई काट्यावर ठेवलीत तर काटा बिघडेल, तुमचा हात भाजेल तो वेगळाच. तळाशी साचलेला चुरा काढून टाका आणि परत वजन करा. समजा आधी २,६४० ग्रॅम होतं, नंतर २,२१५. तेल गेलं ४२५ ग्रॅम. चकल्या दीड किलो झाल्या. म्हणजे किलोमागे २८३ ग्रॅम. कागदावर टिपलं गेलेलं, चुऱ्यासोबत गेलेलं, झाऱ्याला लागलेलं, सगळं यात आलं, आणि ते यायलाच हवं, कारण पैसे तुम्ही त्याचेही दिलेत. मध्येच तेल वाढवलं असेल तर तेही मोजून पहिल्या आकड्यात मिळवा.

तेल १७० रुपये किलोने पडलं तर किलोभर चकलीत ४८ रुपयांचं तेल. हेच २८३ ग्रॅम कुणी २८३ मिली समजून १५५ रुपये लिटरने लावले तर ४४ रुपये येतात. किलोमागे चार रुपये खिशातून गेले. दिवाळीत शंभर किलोची ऑर्डर घेणारीला हे चारशे रुपये होतात, आणि ते कुठे गेले ते तिला कळतही नाही.

एकदा मोजून भागत नाही. चकली, कडबोळी, शेव, चिरोटे, प्रत्येकाचा आकडा निराळा. पीठ सैल भिजलं, आच मंद राहिली की तोच पदार्थ जास्त तेल पितो. पहिल्या दोन-तीन घाण्यांना मोजा, वहीत पदार्थाच्या नावापुढे लिहा, पुढच्या वर्षी भाव ठरवताना तीच वही उघडा.

पिशवीत तेल कमी निघालं तर

पिशवी फोडून पातेल्यात ओतलीत आणि ९१० ऐवजी ९०० ग्रॅम आले, तर लगेच ओरडू नका. पिशवीच्या आतल्या बाजूला बराच थर चिकटून राहतो. कोपरा मोठा कापा, पिशवी बुधलीवर उलटी टांगून पाचेक मिनिटं निथळू द्या. त्याहून चांगलं म्हणजे न फोडता भरलेली पिशवी तोला, नंतर रिकामी पुसून तोला, आणि वजाबाकी करा. अर्धा ते एक किलोच्या पॅकबंद मालाला एखाद्या पिशवीपुरती १५ ग्रॅमपर्यंतची चूक नियमात चालते. सरासरी मात्र छापल्याइतकी यावी लागते. तुमचा काटाही तपासा. सीलबंद लिटरच्या पाण्याच्या बाटलीवर भरवसा ठेवण्यापेक्षा वाण्याला त्याचं शिक्का मारलेलं अर्धा किलोचं वजन मिनिटभर मागा, तुमच्या काट्यावर ठेवून पाहा.

फरक खरोखरच मोठा आणि पुन्हा पुन्हा येत असेल तर दुसरी न फोडलेली पिशवी आणि बिल जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आपल्या राज्यात वजन-मापाच्या तक्रारी वैध मापन शास्त्र यंत्रणेकडे जातात. तक्रारीत पिशवीवरचा बॅच क्रमांक, भरल्याची तारीख, छापलेलं वजन आणि तुम्ही मोजलेलं वजन लिहा, तेही ग्रॅममध्ये. मिलीत लिहिलंत तर पहिला प्रश्न तापमानाचा येईल.